बॅकबेचा जमाखर्च

मुंबईचे मंत्रालय आणि विधान भवन या दोन्ही इमारती समुद्रात भर घालून काढलेल्या जमिनीवर उभ्या आहेत, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्या भरावाचा हिशेब पहिल्यांदा कोणी मागितला, मागणाऱ्याचे काय झाले आणि ज्यांनी तो द्यायला हवा होता त्यांचे काय झाले, हे मात्र शाळेच्या पुस्तकात नाही. सरकारी कामाचा खर्च अंदाजाच्या दुप्पट-चौपट होतो तेव्हा त्याचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न आजकाल धरण, पूल, रस्ता या प्रत्येक बाबतीत निघतो. आमच्या मते महाराष्ट्रापुरता या प्रश्नाचा इतिहास बॅकबेपासूनच वाचायला हवा.

एक गोष्ट जाता जाता. हिशेब, जबाब, अंदाज, खर्च, रक्कम, मंजुरी, तफावत हे मराठीतले अगदी घरचे शब्द. पण ते आले अरबी-फारसीतून, शिवपूर्वकाळापासूनच्या दप्तरांतून. उर्दू शाळेत शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांना हे शब्द दोन्ही दारांनी भेटतात. भर सभेत एका माणसाने हजरत उमर यांना त्यांच्या अंगावरच्या कापडाचा हिशेब विचारला, ही रिवायत आमच्याकडे लहान मुलांनाही पाठ असते. शब्द आहेत, कथा आहेत. वहिवाट काय होती, एवढेच पाहायचे आहे.

बॅकबे म्हणजे मलबार हिल आणि कुलाबा यांच्यामधला समुद्राचा बाक. तो बुजवून जमीन काढण्याचे वेड मुंबईला दोनदा लागले. पहिल्यांदा अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ च्या दरम्यान. तिकडचा कापूस बंद पडल्यामुळे इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि हातात आलेला पैसा कुठे घालावा हे शेटजींना कळेना. तेव्हा बॅकबे बुजवण्यासाठी कंपनी निघाली आणि समुद्राच्या तळाशी असलेल्या जमिनीचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने विकले गेले. १८६५ मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि कंपनीही बुडाली. त्यात पैसा मुख्यतः सावकारांचा आणि सट्टेबाजांचा होता, म्हणून त्या प्रकरणाशी आम्हाला येथे फारसे कर्तव्य नाही.

दुसरे वेड सरकारला लागले. डिसेंबर १९१८ मध्ये सर जॉर्ज लॉइड मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होऊन आले. वय चाळिशीच्या आत, उत्साह दांडगा. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. गिरण्यांना अमाप नफा झालेला, शहरात माणूस मावत नव्हता, भाडी भडकली होती आणि जमिनीचे भाव पाहून कोणाचेही डोळे फिरावेत अशी स्थिती होती. १९२० साली स्वतंत्र विकास खाते काढण्यात आले. त्याच्या दोन मोठ्या योजना होत्या. एक, गिरणी कामगारांसाठी ५० हजार खोल्यांच्या चाळी बांधायच्या. दुसरी, कुलाब्यापासून उत्तरेकडे बॅकबेत १,१४५ एकर जमीन समुद्रातून काढायची. पैसा उभारायचा कर्जाने. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया नगर शुल्कही बसले.

लॉइडसाहेबांवर अन्याय नको. भाटघरचे धरण आणि सिंधमधील सक्करचा बंधारा ही त्यांच्याच काळात मार्गी लागलेली कामे, आणि त्यांच्या पाण्यावर पुढे लाखो एकर शेती पिकली. काम करणारा माणूस होता यात शंका नाही. पण काम करणाऱ्या माणसाला हिशेब विचारू नये असा एक समज आपल्याकडे तेव्हापासून रुजला आहे, आणि तोच पुढे सगळ्यांना महागात पडला.

बॅकबेचा अंदाज सर जॉर्ज बुकॅनन या इंजिनिअरने दिला. रंगूनच्या बंदरावर आणि बसऱ्याला काम केलेला नावाजलेला माणूस. त्याचा १९१९ चा आकडा होता ३ कोटी ६७ लाख रुपये. आम्ही साधा भागाकार करून पाहिला : एकरी सुमारे ३२ हजार रुपये. त्या वेळच्या तेजीत शहरातील जमीन ज्या भावाने जात होती त्यापुढे हे किरकोळच. म्हणजे समुद्र बुजवायचा, जमीन विकायची, कर्ज फेडायचे आणि वर नफा उरायचा. करदात्याच्या खिशाला हात लावायचे कारणच नाही. ज्या योजनेत कोणाचेच काही जात नाही, तिला विरोध कोण करणार?

इथेच पहिली मेख आहे. अंदाज कमी असला की मंजुरी सोपी जाते, आणि मंजुरी मिळून काम सुरू झाले की ते थांबवणे कठीण होते. हत्ती गेला, शेपूट राहिले. आता शेपटासाठी हात आखडता घेता का, असा सवाल टाकता येतो. अंदाज देणारा लबाडच असतो असे नाही. पण कमी आकडा ऐकण्याची ज्यांची इच्छा असते, त्यांच्यासमोर चांगला इंजिनिअरही कमी आकडाच मांडतो.

दुसरे कारण राजकीय होते, आणि ते आम्हा लोकांना थोडे जवळचे आहे. नोव्हेंबर १९२० च्या कौन्सिल निवडणुकांवर काँग्रेसने आणि खिलाफतवाल्यांनी बहिष्कार घातला. मुंबई तर खिलाफत चळवळीचे केंद्रच होते. बहिष्कार योग्य की अयोग्य हा वेगळा वाद आहे. त्याचा एक परिणाम मात्र उघड आहे : समुद्रात पैसा ओतायला जी तीन वर्षे महत्त्वाची होती, त्या तीन वर्षांत कौन्सिलात कडक प्रश्न विचारणारा मोठा पक्षच नव्हता. लोक रस्त्यावर होते आणि आकडे टेबलावर.

प्रत्यक्ष काम असे होते. समुद्रात दगडाची लांबच लांब भिंत घालायची. त्यासाठी दगड कांदिवलीच्या खाणीतून रेल्वेने यायचा. मग पूर्वेकडील बंदराच्या तळाचा गाळ ड्रेजरने उपसायचा, तो मोठ्या नळांतून कुलाब्यावरून पलीकडे ढकलायचा आणि भिंतीच्या आत सोडायचा. गाळ खाली बसला, घट्ट झाला की जमीन तयार. त्यासाठी खास ड्रेजर आणला होता आणि त्याचे नावही ‘सर जॉर्ज लॉइड’ असेच ठेवले होते.

कागदावर हे झकास होते. पण ड्रेजर तासाला जेवढा माल उपसेल म्हणून गृहीत धरले होते, तेवढा तो काही केल्या उपसेना. उपसलेला गाळ मऊ निघाला, आणि दगडी भिंतीच्या फटींतून तो भरती-ओहोटीबरोबर परत समुद्रात जाऊ लागला. चाळणीने पाणी भरावे तसा प्रकार. एकीकडे भर घालायची, दुसरीकडे ती वाहून जायची, आणि कर्जाचे व्याज मात्र रोजच्या रोज चढायचे. थोड्याच वर्षांत अंदाज ३ कोटी ६७ लाखांवरून ७ कोटींच्या वर गेला. तेवढ्यात तेजी ओसरली. जमिनीचे भाव पडले, गिरण्या मंदीत आल्या. ज्या भावाने जमीन विकून कर्ज फेडायचे होते, तो भावच राहिला नाही. खर्च दुप्पट आणि उत्पन्न अर्धवट, असे दोन्ही बाजूंनी गणित फसले. मुंबईकरांनी योजनेला ‘लॉइडचा खुळेपणा’ म्हणायला सुरुवात केली.

चाळींचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. ५० हजार खोल्यांपैकी सुमारे १६ हजार बांधून झाल्या. नायगाव, वरळी, शिवडी, डिलाईल रोड येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या, ज्यांना आपण आजवर बीडीडी चाळी म्हणत आलो. सिमेंटच्या त्या कोंदट खोल्यांचे भाडे परवडेना, गिरण्यांपासून त्या लांब पडत, म्हणून कित्येक रिकाम्याच राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या चाळींचा उपयोग तुरुंग म्हणून करण्यात आला. कामगारांसाठी बांधलेले घर सत्याग्रह्यांची कोठडी झाले. मग माणसे तेथे राहायला आली, पिढ्या नांदल्या, आणि त्या चाळींनी मराठी साहित्याला बरेच काही दिले, हा भाग निराळा.

१९२३ च्या निवडणुकीनंतर स्वराज्य पक्षाचे लोक कौन्सिलात आले आणि बॅकबेवर खऱ्या अर्थाने बोलणारा माणूस पुढे आला : खुर्शेद फ्रामजी नरीमन. पारशी, धंद्याने वकील. त्यांनी बॅकबेचा पिच्छाच धरला. अंदाज कोणी तपासला? तपासला नसेल तर का नाही? ड्रेजर कोणाच्या सल्ल्याने घेतला? काम कमी पडते आहे हे कळल्यावर खर्च चालू ठेवण्याचा हुकूम कोणाचा? एकामागून एक प्रश्न. कौन्सिलाच्या अध्यक्षस्थानी त्या वेळी सर इब्राहीम रहिमतुल्ला होते. मुंबईच्या मुसलमानांना त्यांचा अभिमान वाटावा असा हा माणूस. १८९९ मध्ये महापालिकेचे अध्यक्ष, पुढे दिल्लीच्या केंद्रीय विधानसभेचेही अध्यक्ष. पण हेही नोंदवले पाहिजे की १९१८ ते १९२३ या काळात ते स्वतः गव्हर्नरांच्या कार्यकारी मंडळाचे सभासद होते. म्हणजे ज्या सरकारच्या कारभारावर चर्चा चालायची, त्या सरकारात पूर्वी बसलेले गृहस्थच चर्चेच्या खुर्चीवर होते. त्यांनी पक्षपात केला असे आम्ही म्हणत नाही. आपला माणूस म्हणून हा तपशील गाळावा, हे मात्र आम्हाला पटत नाही.

प्रश्न विचारता येत होते, पण उत्तर वसूल करण्याचा अधिकार कौन्सिलाला नव्हता. १९१९ च्या कायद्याने राज्यकारभाराचे दोन भाग केले होते. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी ‘सोपीव’ खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे. आणि तिजोरी, जमीन महसूल, पोलीस ही ‘राखीव’ खाती गव्हर्नर व त्यांच्या कार्यकारी मंडळाकडे. राखीव खात्याची मागणी कौन्सिलाने कापली तरी गव्हर्नर सहीनिशी ती पुन्हा घालू शकत. आणि कर्जाच्या व्याजावर तर मतदानच नसे. योजना कर्जावर उभी, कर्जाचे व्याज मताच्या बाहेर. एकदा कर्ज काढले की निवडून आलेल्या माणसाने फक्त भाषण करायचे.

ओरड एवढी झाली की १९२६ मध्ये हिंदुस्थान सरकारने चौकशी समिती नेमली. अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर ग्रिमवुड मिअर्स हे अध्यक्ष होते, आणि सभासदांत विश्वेश्वरय्यांसारखा जाणकार होता. समितीने कामाचा पंचनामाच केला. बुकॅननचा अंदाज कच्चा होता, त्याची नीट तपासणी न करता सरकारने घाई केली, हे पुढे आले. आठ भागांपैकी १, २, ७ आणि ८ एवढेच पुरे करावेत, मधले चार सोडून द्यावेत, असे ठरले. १,१४५ एकरांऐवजी शेवटी हाती आली सुमारे ४४० एकर. त्यातलीही निम्म्याहून जास्त, सुमारे २३५ एकर, कुलाब्याच्या बाजूला लष्कराकडे गेली.

मग शिक्षा कोणाला? लॉइडसाहेब १९२३ च्या डिसेंबरात मुदत संपवून गेले होते. १९२५ मध्ये ते उमराव झाले आणि ब्रिटनचे हाय कमिशनर म्हणून इजिप्तला पोचले. बुकॅननवर ठपका आला, पण तो सल्लागार. सल्ला चुकला म्हणून सल्लागाराकडून कोट्यवधी रुपये वसूल झाल्याचे आमच्या वाचनात नाही. कौन्सिलाला अधिकार नव्हता. गिरणीवाल्यांनी गाठीमागे भरलेला रुपया परत मागायची सोय नव्हती. राहता राहिले नरीमन. खात्यातील भ्रष्टाचारावर बोलताना त्यांनी थॉमस हार्वी या इंजिनिअरचे नाव घेतले होते, आणि हार्वीने त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद ठोकली. म्हणजे एवढ्या मोठ्या प्रकरणात फौजदारी कोर्टाच्या पिंजऱ्यात नाव गाजले ते हिशेब विचारणाऱ्याचे!

या खटल्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण बॅकबेच्या इतिहासातला हाच सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे. अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत आरोपीला दोन वाटा असतात. जे बोललो ते खरे आहे आणि लोकहितासाठी बोललो, असे दाखवायचे. किंवा सार्वजनिक नोकराच्या कामाबद्दल सद्भावनेने मत दिले, असे सिद्ध करायचे. दोन्ही वाटांना पुरावा लागतो, आणि पुरावा असतो सरकारी दप्तरात. कौन्सिलातील प्रश्नाला एका ओळीचे गुळमुळीत उत्तर देऊन सुटता येते. कोर्टात साक्षीदार उलटतपासणीला उभा राहिला की तसे सुटता येत नाही. नरीमन वकील होते, त्यांनी या संधीचे सोने केले. वर्तमानपत्रांतून खटला गाजला. राष्ट्रीय विचारांच्या पत्रांत तेव्हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा दबदबा होता आणि त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. १९२८ मध्ये नरीमन निर्दोष सुटले आणि मुंबईने त्यांना ‘वीर’ ही पदवी दिली.

म्हणजे बॅकबेची जी काही उत्तरे लोकांना मिळाली, ती जबाबदारांनी दिली म्हणून मिळाली नाहीत. एका माणसाने तुरुंगाचा धोका पत्करला म्हणून मिळाली. ही जबाबदेही नव्हे, हा जुगार होता. नरीमन जिंकले एवढेच. पुरावा अपुरा ठरून ते हरले असते, तर बॅकबेचे पुस्तक त्याच दिवशी मिटले असते.

यावर एक उत्तर हमखास येते. शेवटी फायदाच झाला ना? मरीन ड्राइव्ह झाला, त्यामागे देखण्या इमारतींची रांग उभी राहिली, २०१८ मध्ये त्या परिसराला युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. आज त्या जमिनीची किंमत करायला कोटींचे आकडेही अपुरे. हे सगळे खरे. पण जमीन पुढे महाग होणे हे १९१९ च्या अंदाजाचे समर्थन होऊ शकत नाही. त्या १५-२० वर्षांत ज्यांनी व्याज भरले, ज्यांच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा तिकडे अडकला, ती माणसे मरीन ड्राइव्हवर हवा खायला उरली नाहीत. शिवाय ३ कोटी ६७ लाखांऐवजी ७ कोटींचा आकडा पहिल्याच दिवशी सांगितला असता तर लोकांनी काय ठरवले असते, हे ठरवण्याचा हक्क लोकांचा होता. तो हक्क आकड्याने हिरावून घेतला.

नरीमन यांचे पुढे काय झाले तेही कटूच आहे. १९३५-३६ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. १९३७ मध्ये प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले तेव्हा मुख्य पद त्यांना मिळेल अशी पुष्कळांची अटकळ होती. ते बाळासाहेब खेरांना मिळाले. नरीमन यांनी सरदार पटेलांविरुद्ध तक्रार केली, गांधीजी आणि बहादूरजी यांच्यापुढे चौकशी झाली, निकाल नरीमन यांच्या विरुद्ध गेला. १९४८ मध्ये ते वारले. त्यानंतर चर्चगेट स्ट्रीटला त्यांचे नाव देण्यात आले. अर्धवट सोडलेल्या मधल्या भागात १९६० नंतर राज्य सरकारने पुन्हा भर घालायला घेतली आणि त्या नव्या जमिनीचे नाव ठेवले ‘नरीमन पॉइंट’! ज्या भरावाविरुद्ध माणूस लढला, त्याच भरावाला त्याचे नाव. १९८१ मध्ये विधान भवनही तेथेच आले.

आता कौन्सिलाची जागा विधानसभेने घेतली आहे, राखीव खाते उरलेले नाही, मंत्री विधानसभेला जबाबदार आहे. महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो, लोकलेखा समिती असते. १९२४ च्या नरीमनना जे नव्हते ते सगळे आहे. कर्जाचे व्याज तेवढे संविधानानुसार अजूनही ‘भारित’ खर्चात मोडते, म्हणजे त्यावर चर्चा होते, मतदान नाही. आणि एक नवा शब्द आला आहे : ‘सुप्रमा’. ऐकणाऱ्याला एखाद्या मुलीचे नाव वाटावे. पण हे ‘सुधारित प्रशासकीय मान्यता’ याचे कचेरीतले लाडके रूप. मूळ अंदाज ओलांडला की फाइलवर सुप्रमा घ्यायची, पुन्हा ओलांडला की दुसरी सुप्रमा.

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाला १९८३ मध्ये मान्यता मिळाली ती ३७२ कोटींची. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. पुढचे आकडे असे : १९९९ मध्ये २,०९१ कोटी, त्यानंतरच्या सुधारणेत ७,७७७ कोटी, २०१६ मध्ये १८,४९४ कोटी. जवळजवळ पन्नास पट. यात भाववाढ आहे, जमिनीचा वाढीव मोबदला आहे, विस्थापितांचे पुनर्वसन आहे. पुनर्वसनाचा खर्च वाढला याचे तर आम्ही स्वागतच करू. पण २००९ मध्ये विदर्भातील ३८ प्रकल्पांच्या किमती काही महिन्यांत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेल्या, त्यात भाववाढ किती आणि सुप्रमा किती, हे कोण वेगळे करून सांगणार? आम्हा शिक्षकांना शाळेच्या सादिल खर्चातील खडू-डस्टरच्या पावत्या जोडून उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. दिलेच पाहिजे. तोच नियम २० हजार कोटींना लावला तर काय बिघडते, एवढेच आमचे म्हणणे.

२०१२ च्या आर्थिक पाहणीतून दहा वर्षांत सिंचित क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर आल्याचे दिसले आणि राज्यात वादळ उठले. २५ सप्टेंबर २०१२ रोजी अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. १९९९ पासून दहा वर्षे जलसंपदा खाते त्यांच्याकडे होते. सरकारने श्वेतपत्रिका काढून वेगळे आकडे मांडले आणि डिसेंबरात ते पुन्हा त्याच पदावर आले. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली तपास पथक बसले, त्याचा अहवाल २०१४ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. अधिकारी आणि कंत्राटदारांवर गुन्हे नोंदले गेले. २०१९ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाला सांगितले की माजी मंत्र्यांवर यात जबाबदारी येत नाही. जबाबदारी मग कोणावर येते, ते वाक्य आम्हाला अद्याप कोणत्याही कागदात सापडलेले नाही.

या सगळ्याला तोंड फोडणाऱ्यांत जलसंपदा खात्यातलेच एक मुख्य अभियंता होते, विजय पांढरे. त्यांनी सेवेत असतानाच वाढीव अंदाजांविषयी आणि निकृष्ट कामांविषयी सरकारला सविस्तर पत्र लिहिले. पुढे त्यांनी मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती घेतली.